पडद्यात न मावणारी शर्यत

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

मोटारींच्या रॅलीची आवड असलेल्या माणसापुढे टेलिव्हिजनचे नाव काढून पाहा, तो चिडलाच म्हणून समजा. फॉर्म्युला वनच्या चाहत्याला अख्खी शर्यत घरबसल्या पाहायला मिळते. रॅलीच्या चाहत्याच्या वाट्याला मात्र वर्षानुवर्षे आला तो रात्री उशिराचा, जाहिराती धरून अर्ध्या तासाचा सारांश. तीन दिवसांची स्पर्धा आणि डोंगर-जंगलातून शेकडो किलोमीटर धावणाऱ्या पन्नास-साठ गाड्या. त्या अर्ध्या तासात आपण पाहायचे काय? तर एक गाडी कोलांटी खाते. तीच कोलांटी पुन्हा संथ गतीने. मग तीच दुसऱ्या बाजूने. शेवटी विजेता गाडीच्या टपावर उभा राहून शॅम्पेन उडवतो. तो कुठे आणि कशामुळे जिंकला, हे मात्र विचारायचे नाही.

ही तक्रार एखाद्या वाहिनीपुरती नाही. तिला पन्नासहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो सांगण्यापूर्वी रॅली म्हणजे काय ते थोडक्यात सांगायला हवे.

आपल्याकडे जुन्नर-खेडच्या घाटात बैलगाडा शर्यत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजवायला वेळ लागणार नाही. तिथे एका वेळी एकच गाडा सुटतो आणि निकाल घड्याळ देते. कोणी कोणाला मागे टाकताना दिसत नाही, तरी घाटाच्या दोन्ही बाजूंचे लोक श्वास रोखून उभे असतात. रॅलीचेही तसेच. रहदारीला बंद केलेल्या रस्त्याच्या तुकड्याला स्पेशल स्टेज म्हणतात. त्यावर काही मिनिटांच्या अंतराने एकेक गाडी सोडली जाते. एका स्टेजवरून दुसरीवर जाताना मात्र त्याच गाडीला साध्या रस्त्याने, रहदारीचे सारे नियम पाळत, ठरलेल्या मिनिटाला पोहोचावे लागते. उशीर झाला तर दंड, लवकर पोहोचले तरी दंड. चालकाच्या शेजारी बसलेला सहचालक (आपले रॅलीवाले त्याला नॅव्हिगेटर म्हणतात) पुढचे वळण किती अंतरावर, किती तीव्र, हे वहीतून वाचून सांगत असतो. चालक डोळ्यांनी जितका चालवतो तितकाच कानांनी. अशा खेळात प्रतिस्पर्धी एका चौकटीत कधीच येत नाहीत, आणि कॅमेऱ्याला तर तेच हवे असते.

वर्तमानपत्राला ही अडचण कधी आली नाही. १९६८ मध्ये लंडन ते सिडनी ही प्रचंड रॅली झाली, ती मुळी 'डेली एक्स्प्रेस' या ब्रिटिश दैनिकाच्या पुढाकाराने. नोव्हेंबरमध्ये लंडनहून ९८ गाड्या सुटल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान असे करत त्या दिल्लीला आणि तिथून मुंबईला आल्या. मुंबईत त्यांना 'चुसान' या बोटीवर चढवून ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला उतरवले गेले. तिथून पुढे पुन्हा अख्खे ऑस्ट्रेलिया. सिडनी अगदी टप्प्यात आले असताना आघाडीवरच्या लुसियाँ बिआंकीच्या सित्रोएनला समोरून येणारी एक मिनी धडकली आणि अँड्र्यू कोवन हिलमन हंटरमध्ये पहिला आला. अशी गोष्ट हप्त्याहप्त्याने सांगायला दैनिकासारखे माध्यम नाही. काल रात्री काबूलजवळ काय झाले हे वाचकाला आज सकाळी कळले तरी चालत होते. त्याला गाडी दिसत नव्हती, पण शर्यत कळत होती.

पूर्व आफ्रिकेतल्या सफारी रॅलीचे उदाहरण आपल्याला आणखी जवळचे आहे. ती १९५३ साली राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकानिमित्त सुरू झाली. केनियात जन्मलेले जोगिंदरसिंग यांनी ती १९६५, १९७४ आणि १९७६ अशी तीनदा जिंकली. मूळचे युगांडाचे शेखर मेहता यांनी पाचदा जिंकली, त्यांतली चार वर्षे लागोपाठ, १९७९ ते १९८२. सफारीतला पाच विजयांचा तो विक्रम आहे. पण माझ्या मते त्यांचा पहिला, १९७३ चा विजय सर्वांत नवलाचा. आदल्याच वर्षी इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडातून हाकलले होते. मेहता आता केनियातून खेळत होते. हजारो किलोमीटर धूळ आणि चिखल तुडवून झाल्यावर हिशेब मांडला, तर त्यांचे आणि स्वीडनच्या हॅरी शेलस्ट्रॉमचे दंडगुण बरोबर सारखे! सुरुवातीपासून जास्त लांबपर्यंत दंडाशिवाय कोण आला, या नियमावर मेहता जिंकले. मुंबईला दूरदर्शन केंद्र सुरू होऊन तेव्हा सहाच महिने झाले होते. आपल्याकडे हे कोणी पाहण्याचा प्रश्नच नव्हता. पण क्षणभर समजा, कॅमेरे असते तरी त्यांनी काय दाखवले असते? बरोबरी झाली ती कागदावर, आणि फुटलीही कागदावर.

टेलिव्हिजनने या अडचणीवर पहिला तोडगा काढला तो इंग्लंडमध्ये, १९६७ च्या फेब्रुवारीत. आयटीव्ही वाहिनीच्या शनिवारच्या क्रीडा कार्यक्रमासाठी लिडन हिलच्या मैदानावर रॅलीच्या गाड्या आणल्या गेल्या. थोडे डांबर, थोडी माती, आणि चार गाड्या एकदम सोडायच्या! व्हिक एल्फर्डने पोर्श ९११ मध्ये ती पहिली शर्यत जिंकली. या खेळाला रॅलीक्रॉस नाव पडले आणि तो पुढे युरोपभर वाढला. खेळ म्हणून तो चांगलाच आहे, त्याबद्दल माझे भांडण नाही. पण झाले काय ते पाहा. रॅली दाखवता येत नाही, म्हणून दाखवता येईल असा दुसराच खेळ काढला. पुढच्या काळात टेलिव्हिजनने रॅलीला जी जी मदत केली, तिची तऱ्हा बहुधा हीच राहिली. सांगण्याची पद्धत बदलायची नाही, सांगायची गोष्टच बदलायची.

१९८० च्या दशकात मात्र कॅमेऱ्याला रॅली अचानक आवडू लागली. 'ग्रुप बी' या वर्गातल्या त्या गाड्या अफाट ताकदीच्या होत्या. पोर्तुगालमध्ये रस्ता माणसांनी भरलेला असे. गाडी अगदी अंगावर आली की गर्दी दुभंगायची आणि गाडी गेली की पुन्हा मिटायची. हे दृश्य जगभर दाखवले गेले आणि जुन्या आठवणींच्या कार्यक्रमांत आजही दाखवतात, तेही कौतुकाच्या सुरात. मार्च १९८६ मध्ये पोर्तुगालच्याच रॅलीत जोआकिम सांतुशची फोर्ड गर्दीत घुसली. तीन प्रेक्षक मेले, तीसहून अधिक जखमी झाले. मोठ्या संघांच्या चालकांनी पुढे खेळायला नकार दिला. दोन महिन्यांनी कोर्सिकात हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जो क्रेस्तो यांची लान्सिया दरीत कोसळून जळाली आणि ग्रुप बी बंद करण्याचा निर्णय झाला. त्या गर्दीला कॅमेऱ्याने बोलावले असे मी म्हणणार नाही; ती आधीपासूनच येत होती. पण धोका हेच रॅलीचे खरे रूप, ही समजूत घरोघरी पोहोचवली ती कॅमेऱ्याने. सारांशातल्या कोलांट्यांची परंपरा तिथलीच आहे.

न्यायाने बोलायचे तर टेलिव्हिजनने रॅलीला एक असा क्षण दिला आहे, जो वर्तमानपत्राला कधी देता आला नसता. १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनची रॅली हंगामातली शेवटची होती. फिनलंडचा टॉमी मॅकिनेन तेलावरून घसरून पहिल्याच दिवशी बाद झाला होता. स्पेनच्या कार्लोस साइन्सला विश्वविजेतेपदासाठी चौथा क्रमांक पुरेसा होता, आणि तो चौथा होताच. अगदी शेवटची स्टेज, रेषा काही शे मीटरवर, आणि त्याच्या टोयोटाचे इंजिन बंद पडले. सहचालक लुईस मोया बाहेर येऊन गाडीवर ओरडतो आहे, हेल्मेट मागच्या काचेवर भिरकावतो आहे, साइन्स सुन्न उभा आहे, हे सारे कॅमेऱ्याने टिपले. मॅकिनेन हार मानून घरी परतण्याच्या तयारीत होता. तो ५८ विरुद्ध ५६ गुणांनी विश्वविजेता झाला. हे चित्र ज्याने पाहिले तो विसरत नाही. पण ते का पकडता आले, याचाही विचार करा. गाडी थांबली होती, म्हणून!

त्यानंतर पैसा आला. २००० साली ब्रिटनच्या डेव्हिड रिचर्ड्स यांच्या कंपनीने विश्वमालिकेचे प्रसारणहक्क घेतले. संगणकाच्या साहाय्याने दोन गाड्या एकाच रस्त्यावर एकमेकींशेजारी धावताना दाखवण्याची सोय झाली. कोण कुठल्या वळणावर किती मागे पडला, हे पहिल्यांदा डोळ्यांना दिसू लागले. माझ्या दृष्टीने ही खरी प्रगती, कारण इथे खेळाला हात न लावता तो समजावून दिला होता. पण त्याच सुमारास रॅलींचे आकार आखडत चालले होते. सगळे एकाच सर्व्हिस पार्कभोवती, त्याच स्टेज दोनदा, आणि संध्याकाळी एखाद्या स्टेडियममध्ये दोन गाड्यांची जोडीने धाव. २०११ पासून रॅलीची शेवटची स्टेज 'पॉवर स्टेज' म्हणून थेट प्रक्षेपणासाठी राखली गेली आणि तिला जादा गुण ठेवले. २०१४ मध्ये तर असा प्रस्ताव पुढे आला की तीन दिवसांतली आघाडी बाजूला ठेवून विजेता शेवटच्या स्टेजवरच ठरवावा, म्हणजे प्रेक्षक खिळून राहतील. चालकांनी विरोध केला आणि तो बारगळला, हे फार बरे झाले. २०११ च्या जॉर्डन रॅलीत सेबास्तियाँ ओजिएने लात्वालाला अवघ्या ०.२ सेकंदाने हरवले होते. ते ०.२ सेकंद मोलाचे ठरले, कारण त्यांच्यामागे आधीच्या सगळ्या स्टेजचे सेकंद उभे होते.

मधल्या काळात एकदा प्रसारणाचा डोलाराच कोसळला. हक्क ज्या कंपनीकडे गेले होते तिचा मालक एका बँकेच्या प्रकरणात अडकला आणि २०१२ चा हंगाम प्रसारकाशिवायच सुरू झाला. नऊ वेळचा विश्वविजेता सेबास्तियाँ लोब त्या वर्षी आपले शेवटचे विजेतेपद मिळवत होता आणि ते पाहायचे कुठे, हे चाहत्यांना ठाऊक नव्हते. २०१३ पासून नवे प्रवर्तक आले. २०१८ मध्ये अखेर प्रत्येक स्टेज थेट दाखवायला सुरुवात झाली, पण इंटरनेटवर आणि पैसे भरणाऱ्यांसाठी. यामागची युक्ती ऐकण्यासारखी आहे. डोंगरदऱ्यांत गाडीतल्या कॅमेऱ्याचे संदेश अडतात, म्हणून रॅलीवर उंच आकाशात एक विमान घिरट्या घालत ठेवतात. गाडीचे चित्र आधी विमानाकडे जाते आणि तिथून खाली केंद्राकडे. तेव्हापासून माझ्यासारख्यांची निम्मी तक्रार संपली. उरलेली निम्मी अशी, की पैसे भरून पाहतो तो आधीच रॅलीचा भक्त असतो. सहज वाहिन्या चाळताना एखाद्या शाळकरी मुलाला रॅली भेटावी, ते दार त्यामुळे उघडले नाही.

सफारीचे पुढे काय झाले, तेही सांगतो. २००२ नंतर ती विश्वमालिकेतून गेली. कारणे मुख्यतः पैशाची आणि आयोजनाची होती. पण रहदारी चालू असलेल्या रस्त्यांवर, संघांची हेलिकॉप्टरे पुढे उडत गुरे आणि जिराफ यांचा इशारा देत आहेत, अशी सुमारे हजार किलोमीटरची ती लढत आखीव कार्यक्रमात बसत नव्हती हेही खरे. २०२१ मध्ये ती परतली, बंद रस्त्यांवर, सुमारे तीनशे वीस किलोमीटरची. आता तिची प्रत्येक स्टेज दिसते. मेहतांची सफारी मात्र ती नव्हे.

रेडिओवर बसून मी टेलिव्हिजनची उणीदुणी काढतो आहे, याला तुम्ही पक्षपात म्हणाल. म्हणा. पण टेलिव्हिजन सारांशावर भागवत होते, त्या दिवसांत रॅलीचा स्वतःचा इंटरनेट रेडिओ होता. स्टेज संपते तिथे त्याचा माणूस उभा राही आणि गाडी थांबताच खिडकीतून मायक्रोफोन आत घाली. चालकाचा धपापणारा श्वास, सहचालकाचा तुटक आकडा आणि मागे तापलेल्या इंजिनाची टिकटिक ऐकली की कोणाचे काय चुकले ते कळे.

रॅलीतला मला सर्वांत मोठा वाटणारा प्रसंगही असाच, डोळ्यांना फारसे काही न दाखवणारा. १८ सप्टेंबर २००५, वेल्समधली रॅली. मार्को मार्टिनची प्यूजो झाडावर आदळली आणि त्याचा सहचालक मायकेल पार्क जागीच गेला. शेवटच्या दोन स्टेज रद्द झाल्या. लोब आघाडीवर होता. आहे तोच निकाल लागला असता तर विश्वविजेतेपद तिथेच त्याचे झाले असते. त्याला ते तसे नको होते. शेवटच्या टाइम कंट्रोलवर त्याने आपले कार्ड मुद्दाम ठरलेल्या वेळेच्या आधी दिले आणि दोन मिनिटांचा दंड ओढवून घेतला. तो तिसरा ठरला. पीटर सोलबर्ग पहिला आला, पण जल्लोष झाला नाही. लोबचे विजेतेपद दोन आठवड्यांनी जपानमध्ये ठरले.