अमरावतीचा मंडप आणि नव्वदावा दिवस

डिसेंबर १८९७ मध्ये अमरावतीला राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन भरले. अध्यक्ष सी. शंकरन् नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. (अधिवेशनाची भूमी कागदोपत्री निजामाची, कारभार इंग्रजांचा, वऱ्हाडचे हे त्रांगडे पुढे अर्धशतक टिकले.) टिळक त्या वेळी राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची शिक्षा भोगत होते. सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी त्यांच्याविषयी केलेले भाषण आपल्या चरित्रग्रंथांतून वारंवार भेटते. त्याच मंडपात ज्यांचा विषय निघाला त्या दुसऱ्या दोन बंदिवानांकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते.

ते पुण्याचे सरदार नातू बंधू. रँडच्या खुनानंतर, जुलै १८९७ मध्ये, त्यांना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली स्थानबद्ध करण्यात आले. टिळकांवर आरोप होता, समोर न्यायाधीश होता. बद्रुद्दीन तय्यबजींनी ऑगस्टमध्ये त्यांना जामीनही दिला होता. शिक्षा झाली तीही मोजून अठरा महिन्यांची. नातूंवर आरोपच नव्हता, त्यामुळे नाकारायलाही काही नव्हते. खटला भरा, अशी मागणी अमरावतीला झाली. म्हणजे आरोपी होऊ द्या, एवढेच मागणे! ते सुटले १८९९ मध्ये, खटल्याविना. आपल्या चरित्रवाङ्मयाला शिक्षेचे नाट्य दिसते. ही निराकार प्रतीक्षा त्याच्या हाती लागत नाही.

अधिवेशनानंतर तीनच महिन्यांत फौजदारी प्रक्रियेची १८९८ ची संहिता आली. तिच्या कलम १६७ मध्ये तपासासाठीच्या कोठडीला पंधरा दिवसांची मर्यादा होती. वाचायला ती उदार वाटते. व्यवहारात पोलीस अपुरा अहवाल दाखल करीत आणि कलम ३४४ खालील तहकुबीच्या आधारे कोठडी पंधरा-पंधरा दिवसांनी वाढत जाई. एका कलमाने दार बंद करावे आणि दुसऱ्याने खिडकी उघडी ठेवावी, असा तो प्रकार. विधी आयोगाने १९६९ च्या एकेचाळिसाव्या अहवालात ही पळवाट ओळखली आणि साठ दिवसांची मर्यादा सुचवली. १९७३ च्या संहितेने ती स्वीकारली. १९७८ च्या दुरुस्तीने गंभीर गुन्ह्यांसाठी ती नव्वद दिवस झाली. मुदतीत आरोपपत्र आले नाही, तर जामीन देण्यास तयार असलेल्या आरोपीला सोडावेच लागते. गुन्हा किती घोर, पुरावा किती भक्कम, हे तेथे पाहिले जात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम १८७ मध्येही साठ आणि नव्वद हे आकडे कायम आहेत.

विशेष कायद्यांनी मात्र खिडकी पुन्हा किलकिली केली. महाराष्ट्राच्या १९९९ च्या मकोकात आणि २००८ नंतर बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात नव्वदाचे एकशे ऐंशी दिवस होऊ शकतात, सरकारी वकिलाने कारणे दाखवली आणि न्यायालयाला ती पटली तर. अमरावतीत जून २०२२ मध्ये झालेल्या औषधविक्रेत्याच्या खुनाचे आरोपपत्र डिसेंबरात दाखल झाले ते याच वाढीव मुदतीच्या चौकटीत. खून भीषण होता, तपासाला वेळ लागणे समजण्याजोगे होते. तरीही हा अपवाद हळूहळू नियमाची जागा घेतो की काय, ही शंका मनातून जात नाही.

याहून अवघड गाठ वेगळीच आहे. हा हक्क मागावा लागतो. उदय आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००१ च्या निकालाने, मुदत संपल्यावर अर्ज करून जामिनाची तयारी दाखवणाऱ्याचा हक्क नंतर आलेल्या आरोपपत्राने बुडत नाही, असे ठरवले. पण अर्जाआधी आरोपपत्र आले, तर सारे संपले. २०१७ मध्ये राकेशकुमार पॉल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तोंडी मागणीही पुरेशी मानली. तीही मुदत संपल्यावर आणि आरोपपत्र येण्याआधीच करायची, आणि ती वेळ वकील नसलेल्या कच्च्या कैद्याला सांगणार कोण?

१ डिसेंबर २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने भीमा-कोरेगाव प्रकरणात सुधा भारद्वाज यांना याच तत्त्वावर जामीन दिला. मुदतवाढ देणाऱ्या न्यायालयाला तो अधिकारच नव्हता, आणि त्यांनी वेळेवर अर्ज केला होता. त्याच निकालात अन्य आठ आरोपींना नकार मिळाला. त्यांनी योग्य वेळी त्या कारणासाठी मागणी केलेली नव्हती.