हायस्कूलमधील इयत्ता (नेवासा तालुका)

पाचवी ते दहावी अशा सहा इयत्तांची शाळा म्हणजे हायस्कूल, ही ग्रामीण महाराष्ट्रातली रूढ मांडणी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यातही आढळते. अकरावी-बारावी जोडलेली असेल तर पाटीवर ‘माध्यमिक व उच्च माध्यमिक विद्यालय’ असे लिहितात. शिक्षण हक्क कायद्याची (2009) विभागणी वेगळी आहे : पाचवीपर्यंत प्राथमिक, सहावी ते आठवी उच्च प्राथमिक, माध्यमिकसाठी उरतात त्या नववी आणि दहावी. त्यामुळे एकाच हायस्कूलात तिन्ही टप्प्यांची मुले शिकतात. पट मोठा असला की इयत्तेच्या अ, ब, क अशा तुकड्या पडतात.

जिल्हा परिषदेची शाळा कुठे चौथीला संपते, कुठे सातवीला. प्रवरेकाठच्या उसाच्या रानात वस्ती करून राहणाऱ्या कुटुंबांना ही बाब सर्वांत जवळची, कारण तिथे शाळा संपली की पुढच्या इयत्तेसाठी पोराला दुसऱ्या गावी धाडावे लागते. मुलीच्या बाबतीत तर आठवीत जायचे की नाही हे कित्येकदा एस.टी.च्या वेळेवर ठरते. पाचवी ते बारावीच्या मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो. या योजनेला याच जिल्ह्यातल्या चोंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवी होळकरांचे नाव आहे. योजना मोलाची आहे, पण गाडी वस्तीच्या फाट्यावर वेळेत थांबली तरच.

पूर्वी शालान्त परीक्षा अकरावीला होई. महाराष्ट्राने 1972 मध्ये 10+2+3 हा आकृतिबंध स्वीकारला. त्या वर्षी आठवीत असलेली मुले मार्च 1975 मध्ये दहावीला बसली. त्याच वर्षी जुन्या अकरावीचीही परीक्षा झाली आणि एकाच वर्षी दोन तुकड्या मॅट्रिक होऊन बाहेर पडल्या. नव्या बारावीची पहिली परीक्षा 1977 ची. नेवासा तालुका या परीक्षा घेणाऱ्या राज्य मंडळाच्या पुणे विभागात येतो.

आठवीपर्यंत नापास न करण्याचे धोरण बरीच वर्षे चालले. 2023-24 पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आहे; फेरपरीक्षेतही मूल अनुत्तीर्ण झाले तर त्याच वर्गात राहते. नववीची परीक्षा शाळाच घेते, दहावीची मंडळ.

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजुरांची मुले आईबापांबरोबर फडावर येतात. शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवण्याची कायद्यात तरतूद आहे, मात्र ती सहा ते चौदा वयापुरतीच. नववीत शाळा तुटलेल्या पोराला तिचा आधार नाही, आणि ही या रचनेतली सर्वांत मोठी उणीव आहे.

अकरावीला कला, वाणिज्य, विज्ञान अशा शाखा निवडतात. त्यासाठी नेवासा, सोनई, भेंडा अशा मोठ्या गावांकडे जावे लागते. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया आधी मोठ्या शहरांपुरती होती, 2025-26 पासून ती राज्यभर लागू झाली. 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण नववी ते बारावी हा सलग चार वर्षांचा टप्पा मानते. दहावीला संपणाऱ्या हायस्कुलांत तो सलग राहायचा तर अकरावीचे वर्ग तिथेच उघडावे लागतील.