गायतोंडे यांचे कागदावरील काम

कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने चित्रकलेवर का बोलावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, चित्र हेही कामच आहे. आणि कामाचा हिशेब मांडणे हा आमचा नेहमीचा उद्योग.

वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले. घराणे मूळ गोव्याचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची पदविका त्यांनी १९४८ साली घेतली. १९५७ मध्ये टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. तेथे मार्क रॉथको आदी चित्रकारांनी माणूस, झाड, घर यांची आकृती टाकून नुसत्या रंगाला बोलते केले होते. गायतोंडे यांची वाट मात्र त्याआधीच तिकडे वळलेली होती. त्यांना कोणाचे अनुयायी ठरविणे योग्य नव्हे.

रोलर आणि पाते घेऊन ते रंगाचे थर चढवीत, खरवडीत, थांबत. वर्षाकाठी बोटांवर मोजण्याइतकीच चित्रे पुरी होत. १९८४ साली त्यांना अपघात झाला आणि मोठा कॅनव्हास काही वर्षे दूर राहिला. त्या काळात त्यांनी लहान कागदावर शाईने रेखाटने केली. लिपीसारखी दिसणारी, पण वाचता न येणारी ती चिन्हे. शरीराने जेवढे दिले, तेवढ्यात त्यांनी काम चालू ठेवले.

आमच्या सोलापुरात विडी हजारावर मोजली जाते. यंत्रमागाची मजुरीही बहुधा नगावरच ठरते. या हिशेबात थांबण्याला जागा नाही. बोट दुखावले की मजुरी बंद. या हिशेबाशी आम्ही वर्षानुवर्षे भांडलो. पण मनात तेच मोजमाप धरून बसलो होतो, हे गायतोंडे यांच्या रेखाटनांपुढे आम्हांस कळले. कमी नग काढील तो आळशी, असे आम्हीही म्हणत आलो.

गायतोंडे २००१ साली निवर्तले. २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांच्या १९७९ च्या एका चित्राला २३ कोटी ७० लाख रुपये आले. एवढ्या रकमेनेही त्या कामाचे मोल ठरत नाही. जसे हजारी दराने विडी वळणारीच्या हाताचे ठरत नाही. थांबणे, जोखणे, पुन्हा हात घालणे हाही कामाचाच भाग आहे, आणि तो मजुरीत धरला पाहिजे. ही मागणी आमच्या पत्रकांत आजवर नव्हती.