बोटांचे दप्तर : तबल्याचा रियाज घरातून वर्गात कसा आला (थ्रेड)

भाजे लेण्यातील एका शिल्पात एक स्त्री दोन उभी चर्मवाद्ये वाजवताना दिसते. त्या शिल्पाचे छायाचित्र आणि ‘तबला दोन हजार वर्षांपूर्वीचा’ हा मथळा अधूनमधून समाजमाध्यमांवर फिरत असतो. त्याला उत्तर म्हणून कोणीतरी अमीर खुस्रोची कथा पुढे करतो : पखवाजाचे दोन तुकडे केले आणि तबला जन्मला! शिल्प खरे आहे, पण त्यावरून जोडवाद्य होते एवढेच सिद्ध होते. खुस्रोची कथा तर फारच उत्तरकालीन. तबला-डग्ग्याची आज ओळखता येईल अशी जोडी चित्रांत दिसू लागते ती अठराव्या शतकात. या वादात एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही : त्या वाद्यावर हात कसा पडत होता? वाद्याचा सांगाडा लेण्यात टिकतो. हाताची सवय टिकते ती फक्त दुसऱ्या हातात, आणि तीही रियाजातून.

आघाताला अक्षराचे नाव देऊन शिकण्याची पद्धत मात्र खरोखर प्राचीन आहे. नाट्यशास्त्रातील पुष्कर वाद्यांच्या प्रकरणात सोळा अक्षरे सांगितली आहेत. हातांच्या कोणत्या आघाताने ती निघतात याचाही विचार तेथे आहे. म्हणजे ‘आधी तोंडाने म्हण, मग हाताने वाजव’ हा आजच्या गुरूचा आग्रह भरताच्या परंपरेपर्यंत मागे नेता येतो.

तबल्याचा स्वतंत्र इतिहास मात्र दिल्लीत सुरू होतो. परंपरा सिद्धार खाँ यांना दिल्ली घराण्याचे आद्य पुरुष मानते. काळ अठराव्या शतकाचा. या घराण्याने संगीताला दिलेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे ‘कायदा’. शब्द अरबी, अर्थ नियम. सर्वांना ठाऊक असलेला कायदा घ्या : धाधातेटे धाधातिंना, तातातेटे धाधाधिंना. अवघी सोळा अक्षरे. पहिल्या दिवशी विद्यार्थ्याला मिळतो तोच हा कायदा, आणि स्वतंत्र वादनात मोठे उस्तादही तोच मांडतात. एवढ्याशा रचनेत एवढे काय आहे?

उजवा हात पाहा. वरवर दोन वेगळ्या वाटणाऱ्या ओळींत तो अगदी तेच आठ आघात दोनदा वाजवतो. बदलतो तो डावा हात. डग्गा दुसऱ्या ओळीच्या आरंभी गप्प राहतो, मध्येच परततो. ‘धा’चा ‘ता’ होतो आणि पुन्हा ‘धा’. यालाच भरी आणि खाली म्हणतात. एक हात चालत असताना दुसऱ्याला नेमक्या जागी थांबवणे ही तालवादनातील मूळ अडचण. ती या रचनेने पहिल्याच धड्यात समोर ठेवली आहे.

आता ‘तेटे’ पाहा. दोन्ही अक्षरे शाईवरच निघतात आणि संथ लयीत एकाच बोटाने दोनदा वाजवली तरी चालून जाते. दुगुनीत ते बोट अडखळते, चौगुनीत थांबते. म्हणून दिल्लीने नियम केला : पहिले अक्षर मधल्या बोटाने, दुसरे तर्जनीने. नवशिक्याला संथ लयीत हा नियम निरर्थक वाटतो. त्याचा उपयोग पुढे काही महिन्यांनी कळतो. वेगाची तरतूद संथ लयीतच करून ठेवलेली असते. पुढे याच अक्षरांची उलटापालट करून पलटे करायचे, पण कायद्यात नसलेले अक्षर आणायचे नाही. कल्पकतेला घातलेली ही मर्यादा म्हणजे मुळात हाताला दिलेला व्यायाम आहे. आज मैफलीत ज्या विस्ताराला दाद मिळते, त्याची घडण रियाजाच्या चटईवरची आहे.

या रियाजाचे सर्वांत कठोर रूप म्हणजे चिल्ला. फारसीत चाळीसला ‘चिहिल’ म्हणतात. सूफी साधकांच्या चाळीस दिवसांच्या एकांताला त्यावरून नाव पडले आणि वादकांनी ते उचलले. चाळीस दिवस, मोजक्याच रचना, बाहेरच्या जगाशी संबंध नाही. रोज अमुक इतके तास बसल्याचे जे आकडे सांगितले जातात, त्यांत भक्तीचा अंश बराच असावा. मात्र शब्द टिकला, यावरून साधना आणि सराव यांत त्या वादकांना भिंत दिसत नव्हती हे स्पष्ट होते.

दिल्लीहून मोदू खाँ आणि बख्शू खाँ लखनौला गेले आणि हात बदलला. तेथे तबल्याला कथकची साथ करायची होती. घुंगरांपुढे दोन बोटांचा किनारीवरचा नाजूक बाज कसा पुरणार? मग पंजा खुला झाला, पखवाजाचा भारदस्तपणा आला, ‘धिरधिर’सारखे तळहाताचे बोल पुढे आले. बनारसचे राम सहाय हे मोदू खाँचेच शिष्य. घराण्यांमधला भेद अनेकदा सौंदर्यदृष्टीचा म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात तो आधी पोटापाण्याचा आणि साथीच्या गरजेचा होता.

हे ज्ञान मालमत्ता होते, हे विसरता कामा नये. बख्शू खाँनी फरुखाबादच्या हाजी विलायत अलींना जावई करून घेतले आणि हुंड्यात पाचशे गती दिल्या, अशी कथा आहे. मोदू खाँच्या पत्नीनेही माहेरून, पंजाबातून, पाचशे गती आणल्या अशी दुसरी कथा. दोन्हीकडे आकडा नेमका पाचशेच असावा, हे जरा संशयास्पद! पण जमीनजुमल्याप्रमाणे रचना लग्नात दिल्या जाऊ शकतात, ही कल्पना ऐकणाऱ्यांना नवलाची वाटली नाही, आणि इतिहासाच्या दृष्टीने तेच मोलाचे. ज्याचा जन्म त्या घरात झाला नाही, त्याने काय करायचे?

या प्रश्नाला एक उत्तर लाहोरमध्ये मिळाले, आणि ते देणारे मराठी होते. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये तेथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. त्यांचे सहकारी गुरुदेव पटवर्धन यांनी १९०३ मध्ये ‘मृदंग और तबला वादनपद्धति’ हे पुस्तक सिद्ध केले. बोल, मात्रा, लय यांना चिन्हे मिळाली. फी भरून येणाऱ्या कोणाही विद्यार्थ्यापुढे ठेवता येईल असा पाठ तयार झाला. उस्तादाची मर्जी, नातेगोते, वर्षानुवर्षांची सेवा यांच्या जागी वेळापत्रक आले.

यात गमावलेही पुष्कळ. कागदावर ‘धा’ लिहिता येतो. डग्ग्यावर मनगट किती दाबायचे, ‘तेटे’त बोट किती उचलायचे, हे लिहिणे अवघड. ते दुरुस्त करायला शेजारी बसलेला माणूस लागतो. शिवाय ठरावीक तासाचा वर्ग चिल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. या कारणास्तव वर्गपद्धतीला नाके मुरडणारे तेव्हाही होते, आजही आहेत. परंतु त्या जुन्या घरांचे दार किती जणांसाठी उघडे होते, हा हिशेब त्यांच्या टीकेत क्वचितच येतो.

मुंबईत मात्र तिसराच मार्ग निघाला. मुनीर खाँ यांनी अनेक उस्तादांकडून (परंपरा चोवीस म्हणते) विद्या गोळा केली आणि ती हातची न राखता वाटली. त्यांचे भाचे अमीर हुसेन खाँ यांनी याच शहरात घराबाहेरचे कितीतरी शिष्य घडवले. पारशी कुटुंबातील आबान मिस्त्री त्यांपैकी एक. स्त्रीने स्वतंत्र तबलावादन करणे दुर्मीळ असताना त्यांनी ते केले आणि घराण्यांच्या इतिहासावर ग्रंथही लिहिला. दुसरे शिष्य अरविंद मुळगावकर यांच्या ‘तबला’ या ग्रंथाने ही विद्या मराठीत आणली.

मुनीर खाँचे सर्वांत गाजलेले शिष्य अहमदजान थिरकवा. लहानपणी त्यांची बोटे तबल्यावर थिरकताना पाहून मुनीर खाँच्या वडिलांनी हे नाव दिले, असे सांगतात. महाराष्ट्राने त्यांना ऐकले ते बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत. कायद्यांच्या रियाजात घडलेला हा हात तेथे नाट्यपदांना ठेका देत होता, आणि तिकीट काढून आलेला प्रेक्षक ते ऐकत होता. पुढे थिरकवा रामपूर दरबारी गेले. १९७० मध्ये पद्मभूषण झाले. घराण्याच्या शिस्तीत वाढलेल्या या उस्तादाने उत्तरायुष्यात लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून वर्ग घेतले. १३ जानेवारी १९७६ रोजी लखनौतच त्यांचे निधन झाले.

पलुस्करांच्या निधनानंतर, १९३१ मध्येच, त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. गावोगावची मुले आज प्रारंभिकपासून विशारदपर्यंत ज्या परीक्षा देतात, त्या याच मंडळाच्या. लेखी परीक्षेत कायदा लिपीत लिहून दाखवावा लागतो, खालीच्या चिन्हासह. प्रात्यक्षिकाला मात्र परीक्षक समोर बसतो, आधी हाताने ताल देत तोच कायदा तोंडाने म्हणायला सांगतो, आणि मग बोटांकडे पाहतो.