ऊतकविज्ञान आणि उद्योगसंस्था : शिरवळच्या निमित्ताने एक ऐतिहासिक विवेचन

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदी ओलांडली की शिरवळ लागते. बौद्ध लेणी व सुभानमंगळ किल्ला यांमुळे हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यास आणखी दोन ओळखी लाभल्या. इ. स. १९८८ मध्ये येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील यांचे नाव त्यास देण्यात आले असून ते आज महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे घटक आहे. दुसरीकडे, शिरवळ-खंडाळा परिसरात महामार्गाच्या आधाराने कारखानदारी वाढली. एका बाजूस प्राण्यांच्या ऊतकांचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारी विद्या, दुसऱ्या बाजूस वस्तूंचे उत्पादन करणारा उद्योग, असे हे शेजार आहे. या दोहोंचा संबंध नवा वाटला तरी तो सुमारे दीडशे वर्षांचा आहे. त्याचे स्वरूप काळानुसार कसे पालटले आणि त्यातून उद्योगसंस्थांस काय बोध घेता येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१

आरंभी ऊतकविज्ञान हे उद्योगाचे ऋणको होते. ताजे ऊतक सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ रंगहीन दिसते. कोशिकेचे केंद्रक व तिचा उर्वरित भाग यांत भेद दिसावा म्हणून रंजके लागतात. इ. स. १८५६ मध्ये पर्किनने कृत्रिम जांभळा रंग तयार केला आणि त्यानंतर जर्मनीत रंगांचे प्रचंड कारखाने उभे राहिले. मेथिलीन ब्लू व इओसिन ही दोन्ही रंजके कापडाच्या धंद्यासाठी निर्माण झाली आणि दोहोंचा संबंध हाइन्रिख कारो या कारखान्यातील रसायनज्ञाशी पोचतो. लॉगवूड झाडाच्या गाभ्यापासून मिळणारे हेमॅटॉक्सिलिन आणि कारखान्यातील इओसिन यांची जोडी आजही जगातील बहुतेक प्रयोगशाळांत रोजच्या वापरात आहे.

तथापि हे ऋण एकतर्फी राहिले नाही. पाउल एर्लिख याने विद्यार्थिदशेतच ऊतकांच्या रंजनाचा अभ्यास केला व १८७८ मध्ये त्याच विषयावर प्रबंध लिहिला. विशिष्ट रंग विशिष्ट कोशिकेसच धरतो, तर विशिष्ट औषध विशिष्ट जंतूसच का धरू नये, ही त्याची विचारसरणी होती. तिची परिणती १९१० मध्ये उपदंशावरील साल्वारसान या औषधात झाली आणि ते होक्स्टच्या रंगकारखान्याने बाजारात आणले. रंग विकणारी संस्था औषधे विकू लागली, त्यामागे ऊतकविज्ञानातून निघालेली एक कल्पना होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

२

मुंबई इलाख्यात या संबंधाने निराळे रूप घेतले. येथे उद्योगाने विद्येस प्रथम दिले ते धन. गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानातून परळ येथे त्यांच्या पत्नीच्या नावे बाई साकरबाई प्राणिरुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये तेथेच मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढे १९४१ मध्ये सर दोराबजी टाटा विश्वस्तनिधीतून टाटा स्मारक रुग्णालय उघडले व त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली.

खानोलकरांचे कार्य येथे विशेष प्रस्तुत आहे. कमरेस धोतर घट्ट आवळले जाते त्या जागी होणारा कर्करोग, तसेच तंबाखूच्या सवयींशी निगडित कर्करोग, यांचे वर्णन त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ च्या सुमारास प्रसिद्ध केले. नित्य व्यवहारातील वस्तू शरीराच्या ऊतकांवर कोणता ठसा उमटवते, हा प्रश्न त्यांनी या देशात शास्त्रीय पातळीवर आणला. मात्र तो प्रश्न विचारला रुग्णालयाने. वस्तू बनविणाऱ्यांनी नव्हे.

३

वस्तू बनविणाऱ्यांनी तो वेळीच न विचारल्यास काय घडते, याचे उदाहरण १९३७ मध्ये अमेरिकेत घडले. सल्फानिलामाइड या गुणकारी औषधाचे द्रवरूप करण्यासाठी एका कंपनीने ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळविले. चव, वास व रंग तपासण्यात आले. प्राण्यांवर चाचणी झाली नाही. शंभराहून अधिक माणसे दगावली आणि मृतांच्या वृक्कनलिकांचा झालेला नाश ऊतकछेदांतून स्पष्ट झाला. परिणामी १९३८ चा कायदा आला. हाच विषारी पदार्थ १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून रुग्णांच्या पोटात गेला व चौदा जणांचा बळी गेला. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषधनियंत्रणाच्या व्यवस्थेवर कठोर प्रकाश टाकला.

केवळ चाचणी होणे पुरेसे नसते. ती विश्वसनीय असावी लागते. अमेरिकेतील इंडस्ट्रियल बायो-टेस्ट ही प्रयोगशाळा अनेक औषध व कीटकनाशक कंपन्यांसाठी चाचण्या करीत असे. १९७६ मध्ये तेथील नोंदींत बनावट आढळली. मेलेल्या प्राण्यांच्या जागी नवे प्राणी घेतले गेले होते आणि अहवालांस ऊतकांचा आधार उरला नव्हता. १९८३ मध्ये तिच्या अधिकाऱ्यांस दोषी ठरविण्यात आले. परंतु आर्थिक झळ ग्राहक-कंपन्यांनाही बसली; कित्येक चाचण्या त्यांना नव्याने कराव्या लागल्या. ‘उत्तम प्रयोगशाळा पद्धती’चे नियम या प्रकरणातून जन्मास आले. भारताने त्यासाठी २००२ मध्ये राष्ट्रीय प्राधिकरण स्थापले आणि २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय परस्परमान्यतेच्या व्यवस्थेत पूर्ण स्थान मिळविले. तेव्हापासून मान्यताप्राप्त भारतीय प्रयोगशाळेतील अहवाल सदस्य देशांत स्वीकारला जाऊ लागला. स्वतंत्र व चोख तज्ज्ञाचे मत हे उद्योगसंस्थेस निर्यातीचे साधन ठरले, ते असे.

४

पशुवैद्यकाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद प्रकरण गिधाडांचे आहे. १९९० नंतर भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली; मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी त्याकडे लक्ष वेधले. पुढे ही घट ९९ टक्क्यांहून अधिक भरली. साथीच्या रोगाचा संशय होता. परंतु पाकिस्तानात गोळा केलेल्या मृत गिधाडांच्या वृक्कांचे छेद तपासता नलिकांचा तीव्र नाश व यूरिक अम्लाचे साठे दिसले. हे चित्र जंतूंपेक्षा विषाकडे बोट दाखविणारे होते. मग शोध सुरू झाला तो गुरांना दिल्या जाणाऱ्या औषधांचा. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार वृक्कविकाराने मेलेल्या २५ पैकी २५ गिधाडांत डायक्लोफेनॅक सापडले. अन्य कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही नाही. २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय उत्पादनावर बंदी घातली. त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम गिधाडांस निर्धोक असल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या विद्येने एक दार बंद केले, तिनेच उत्पादकांस दुसरे उघडून दिले. किंबहुना ही परीक्षा आधी झाली असती तर बंदीचा तोटा कंपन्यांस सोसावा लागला नसता आणि गिधाडेही वाचली असती.

५

वरील इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, रक्ताची चाचणी अवयवाच्या कार्याचा बिघाड सांगते, तर ऊतकछेद बिघाडाची नेमकी जागा व जात सांगतो. कोंबड्यांच्या गंबोरो रोगावरील लशीचेच पाहावे. लस रोगापासून रक्षण करते काय, एवढे जाणणे पुरत नाही. तिच्यातील जिवंत विषाणू पिलाच्या बर्सा या अवयवातील लसिका-कोशिकांचा ऱ्हास किती करतो, हे छेदावाचून कळत नाही.

दुसरी गोष्ट, तज्ज्ञाचा सल्ला चाचणीच्या शेवटी नव्हे, आरंभी घ्यावयास हवा. मृत्यूनंतर ऊतक आपोआप कुजू लागते. त्याचे पातळ तुकडे पुरेशा फॉर्मॅलिनमध्ये त्वरित बुडविले नाहीत, अथवा ते साध्या शीतकपाटात गोठविले, तर बर्फाच्या स्फटिकांनी कोशिका फाटतात. पुढे कितीही निष्णात डोळा लाभला तरी चार-पाच मायक्रॉन जाडीच्या त्या छेदातून काहीच वाचता येत नाही. कोणता अवयव, कोठून व केव्हा घ्यावा, हे ठरविणे हाच सहकार्याचा खरा आरंभ होय.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट तज्ज्ञाच्या स्वातंत्र्याची. कंपनीने मोबदला द्यावा, पण निष्कर्ष विकत घेऊ नये. १९७६ च्या प्रकरणाचे सार हेच आहे. प्रतिकूल अहवाल तात्कालिक नुकसान करतो, खोटा अहवाल कंपनीची पतच बुडवितो.

शिरवळच्या महाविद्यालयात ऊतकविज्ञान व विकृतिविज्ञान अभ्यासक्रमाचे अंग म्हणून शिकविले जाते. आसपासच्या दूध, कुक्कुटपालन व औषध या व्यवसायांनी अशा विद्याकेंद्राकडे केवळ मनुष्यबळाचा पुरवठादार म्हणून पाहिल्यास त्यांचा अर्धाच लाभ होईल. रंगाच्या कारखान्याने एके काळी सूक्ष्मदर्शकास रंग दिला. त्या रंगात काय दिसते ते उद्योगाने वेळेवर व निर्भयपणे विचारावे, आणि विद्यापीठाने ते तितक्याच निर्भयपणे सांगावे, एवढीच या इतिहासाची मागणी आहे.