डिझेल : दर्जा आणि ॲडिटिव्ह
डिझेलचा दर्जा अनेक गुणांवर ठरतो : सीटेन अंक (डिझेल किती चटकन पेट घेते त्याचे माप), घनता, गंधकाचे प्रमाण, वंगणक्षमता, पाण्याचा अंश. भारतात 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानक लागू झाले आणि गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत 50 वरून 10 भागांवर आली. सीटेन अंक किमान 51 असावा लागतो.

गंधक काढताना डिझेलमधले नैसर्गिक वंगण देणारे घटकही निघून जातात. इंजिनाचा उच्चदाब पंप डिझेलच्याच वंगणावर चालत असल्याने वंगणक्षमतेची किमान पातळी मानकातच बांधून दिली आहे, आणि गरजेप्रमाणे ॲडिटिव्ह, डिझेल पेट्रोल पंपावर येण्याआधीच, मिसळलेले असते. म्हणून चांगल्या डिझेलमध्ये दर टाकीला वेगळी बाटली ओतणे हा बहुधा वाया खर्च.

थंडीची गोष्ट निराळी. लडाखमध्ये डिझेलमधले मेण गोठून फिल्टर तुंबतो, तिथे प्रवाहिता टिकवणाऱ्या रसायनांचा खरा उपयोग आहे. इंडियन ऑइलने 2019 मध्ये या भागासाठी उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल आणले.

कोकणातल्या पावसाळ्यात खरा शत्रू पाणी. अर्धी रिकामी टाकी आतून घामेजते, पाणी तळाशी बसते; पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून काळपट, बुळबुळीत साका धरतो. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाण्याचे थेंब काढून टाकणे आणि टाकी भरलेली ठेवणे, हे कोणत्याही बाटलीपेक्षा भरवशाचे. शंका आल्यास पंपावर हायड्रोमीटरने घनता मोजून दाखवायला सांगण्याचा ग्राहकाला हक्क आहे.