परड्यातल्या पपईवरचा परदेशी पाहुणा

उचगाव हे करवीर तालुक्यातले, कोल्हापूर शहराला जवळजवळ चिकटलेले गाव. अशा गावांत शेतांचे प्लॉट पडले, तरी घरामागच्या परड्यात पपईचे झाड टिकून असते. त्याच्या पानामागे शिरांच्या कडेने पांढरा कापूस साचला, की पहिले निदान बहुधा 'बुरशी' असे होते. प्रत्यक्षात तो असतो पपईवरचा पिठ्या ढेकूण, आणि त्याची कहाणी मेक्सिकोपासून सुरू होते.

पपई मूळची मध्य अमेरिकेची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती भारतात आणली. तिचा हा शत्रू मात्र मागेच राहिला. मायदेशी त्याला खाणारे कीटकही असल्याने तिथे तो फारसा उपद्रवी नव्हता. शास्त्रीय नाव त्याला मिळाले तेच १९९२ साली. पुढे कॅरिबियन बेटांवर त्याने बागा उद्ध्वस्त केल्या, आणि २००८ मध्ये तो कोइंबतूरला आढळला. दोन वर्षांत पुण्यात त्याची नोंद झाली. मोकळ्या प्लॉटांवर माजणाऱ्या काँग्रेस गवतावरही तो पोसतो. हे गवतसुद्धा अमेरिकेचेच, पुण्यात १९५५ च्या सुमारास प्रथम लक्षात आलेले. जुने शेजारी परक्या मुलुखात पुन्हा भेटावेत, तसाच हा प्रकार.

निदान चुकले की उपाय उलटतो. बुरशीनाशकाने ढेकूण मरत नाही. कीटकनाशकही अंगावरच्या मेणचट थरामुळे त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. मरतात ते त्याला खाणारे मित्रकीटक. परीक्षा वास्तविक सोपी आहे. भुरी ही बुरशी कोरडी असते. ढेकणाने मात्र पान चिकट होते, त्या चिकट्यावर काजळीसारखी काळी बुरशी चढते आणि खोडावरून मुंग्यांची रांग लागते. कापूस काडीने बाजूला केला, की आत पिवळसर किडे दिसतात.

तोडगा निघाला तो कीटकाच्या माहेरच्या शत्रूंमधूनच. बेंगळुरूच्या राष्ट्रीय कीटक ब्युरोने २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून तीन जातींच्या परोपजीवी गांधीलमाश्या मागवल्या. नाव गांधीलमाशी असले तरी आकार जेमतेम डासाच्या पिलाएवढा, माणसाला निरुपद्रवी. विलगीकरणात तपासणी होऊन त्याच वर्षी त्या सोडल्या गेल्या. त्यांपैकी 'अ‍ॅसेरोफॅगस पपाये' सर्वांत यशस्वी ठरली. ती ढेकणाच्या अंगात अंडे घालते आणि अळी त्याला आतून पोखरते. काही महिन्यांतच दक्षिणेतल्या पपई आणि तुतीच्या बागा सावरू लागल्या. हाच मार्ग कॅलिफोर्नियाच्या संत्रा-बागांसाठी १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियाहून ढालकिडे आणून चोखाळला गेला होता. ती या विद्येची पहिली मोठी कसोटी.

परड्यात या लहानग्या गांधीलमाशीची खूण ओळखणे अवघड नाही. पानामागचे काही ढेकूण फुगून, वाळून तपकिरी पडलेले असतात आणि त्यांच्या पाठीवर एक बारीक गोल भोक असते. तसे दिसले, तर त्या झाडाला फवारणीचा पंप लावायचा नसतो.